नाव नसलेला ३१ नंबर

विजापूर वेशीकडे राहणाऱ्या एका भगिनीचा प्रश्न मागच्या महिन्यात या सदराकडे आला. त्यांचा मुलगा अकरावीत आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा एक व्हिडिओ गेम पंधरा-सोळा वर्षं बंद होता, तो पुन्हा येणार असल्याचं त्यानं कुठंतरी वाचलं. तेव्हापासून तो ईदीचे पैसे साठवतो आहे. चुलतभावाच्या घरी प्लेस्टेशन आहे, तिथं दोघं मिळून खेळणार. अम्मीनं विचारलं आहे, "हे पैसे त्याला अशा खेळावर खर्च करू द्यावेत का? हे बरोबर आहे का?"

जायज-नाजायजचा निवाडा देणं हे या सदराचं काम नाही, त्यासाठी आलिम मंडळी आहेत. पण हा प्रश्न वाचल्यावर वाटलं की त्या खेळाची गोष्ट मुलाला आणि अम्मीला दोघांनाही सांगावी. तो खेळ बंद का पडला होता आणि आता कशामुळे परत येतो आहे, हे कळलं तर पैसे खर्च करायचे की नाही यावर घरात जरा वेगळं बोलणं होईल. कारण या गोष्टीत मुद्दा आहे तो हकाचा. घाम एकाचा आणि कमाई दुसऱ्याची, हा मामला सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेत बास्केटबॉल कॉलेजांमधून फार मोठ्या प्रमाणावर खेळला जातो. एनसीएए नावाची संस्था कॉलेजांच्या स्पर्धा भरवते. तिच्या वरच्या गटात पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. दरवर्षी मार्चमध्ये त्यातले ६८ संघ अंतिम स्पर्धेत उतरतात आणि तीन आठवडे सारा देश टीव्हीसमोर बसतो. आपल्याकडे वर्ल्ड कपच्या वेळी गल्लीत जे वातावरण असतं, तेच तिथं. २०१० मध्ये या एका स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी टीव्ही कंपन्यांनी १४ वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार केला. मोठ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना वर्षाला कोट्यवधी रुपये पगार असतो.

आणि खेळाडू? ते विद्यार्थी. त्यांना शिक्षणाचा, राहण्या-जेवणाचा खर्च शिष्यवृत्तीतून मिळे. त्याहून एक पैसा घेतला तर खेळायला बंदी. "तुम्ही हौशी खेळाडू आहात, हौसेला मोल नसतं" असं त्यांना सांगितलं जाई. त्यांच्या नंबराची जर्सी दुकानात विकली जाई, त्यांचे फोटो तिकिटांवर छापले जात. पैसे कॉलेजला, संस्थेला, कंपनीला. शिष्यवृत्ती ही काही लहान गोष्ट नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. गरीब घरातल्या कितीतरी मुलांचं शिक्षण तिच्यामुळे झालं. पण शिष्यवृत्ती शिकण्यासाठी आणि मैदानावर खेळण्यासाठी होती. मुलाचा चेहरा बाजारात विकण्याची परवानगी तिच्यात कुणी दिली होती, हा प्रश्न पुढं न्यायालयात उभा राहिला.

तो उभा राहिला एका व्हिडिओ गेममुळे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी नव्वदच्या दशकापासून कॉलेज बास्केटबॉलचे गेम काढत होती. दरवर्षी नवा गेम, नवे संघ. खेळाडूंची नावं वापरायला मनाई होती, म्हणून गेममध्ये जर्सीवर फक्त नंबर असे. पण पडद्यावरचा खेळाडू उंचीनं, रंगानं, केसांच्या ठेवणीनं, कोणत्या हातानं चेंडू टाकतो त्या सवयीनं नेमका खऱ्या खेळाडूसारखा. नाव तेवढं गाळलेलं. खेळणारी मुलंही हुशार. त्यांनी नावांच्या याद्या तयार केल्या आणि एकमेकांना दिल्या. ती यादी गेममध्ये भरली की सगळे खेळाडू खऱ्या नावानिशी पळू लागत.

आपल्याकडच्या तिशी-पस्तिशीतल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून 'क्रिकेट ०७' खेळणारी ही पिढी. त्याच कंपनीचा तो गेम. त्यात भारतीय संघाच्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातलेली असत, कारण खऱ्या नावांचा परवाना नव्हता. मग कुणीतरी पेन ड्राइव्हवरून 'पॅच' आणायचा आणि सचिन, सेहवाग, झहीर खऱ्या नावानं उतरायचे. आपल्याला त्यात गंमत वाटायची. नावं का बदलली असतील, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात येत नव्हता.

अमेरिकेत तो प्रश्न एका माणसाच्या मनात आला. त्याचं नाव एड ओबॅनन. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा खेळाडू. हे तेच विद्यापीठ, जिथं करीम अब्दुल-जब्बार शिकले आणि १९६७ ते १९६९ अशी सलग तीन वर्षं विजेतेपद मिळवून गेले. ओबॅननची पाळी त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी आली. १९९५ च्या अंतिम सामन्यात त्यानं एकट्यानं ३० गुण केले आणि यूसीएलए विजेता ठरला. त्याच्या जर्सीचा नंबर होता ३१.

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये मात्र त्याचं बस्तान बसलं नाही. दोन हंगाम एनबीएमध्ये, मग काही वर्षं परदेशांतल्या संघांत आणि शेवटी लास वेगासजवळ मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी. बायको, मुलं, हप्ते. चारचौघांसारखा संसार. एके दिवशी तो एका मित्राच्या घरी गेला. मित्राचा मुलगा गेम खेळत होता. त्यात जुने गाजलेले संघ निवडता येत. मुलानं १९९५ चा यूसीएलए संघ निवडला होता. पडद्यावर एक उंच, टक्कल केलेला, डाव्या हातानं चेंडू टाकणारा खेळाडू धावत होता. जर्सीवर नंबर ३१. नाव नाही.

ओबॅननला आधी आनंद झाला. आपण अजून लोकांच्या लक्षात आहोत, हा कोणत्याही माणसाला सुखावणारा विचार. पण मित्र बोलून गेला की या गेमला आम्ही एवढे पैसे मोजले, त्यातले तुला किती मिळाले? एक पैसाही मिळाला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं. कॉलेज सोडून चौदा वर्षं झाली होती, आता तो विद्यार्थी नव्हता, हौशी खेळाडूही नव्हता. तरी त्याचं शरीर, त्याची शैली, त्याचं आयुष्यातलं सर्वात मोठं यश दुकानात विकायला होतं.

२००९ मध्ये त्यानं खटला भरला. एनसीएएवर आणि कॉलेजांच्या वतीनं परवाने विकणाऱ्या संस्थेवर. त्याच वर्षी सॅम केलर नावाच्या एका माजी कॉलेज फुटबॉलपटूनंही गेममधल्या आपल्या आकृतीवरून वेगळी फिर्याद केली. पुढं ऑस्कर रॉबर्टसन आणि बिल रसेल हे बास्केटबॉलचे दोन थोर म्हातारे खेळाडूही ओबॅननच्या बाजूनं फिर्यादी झाले. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खेळून गेलेल्यांचीही तीच तक्रार होती.

खटला पाच वर्षं चालला. गेम काढणारी कंपनी आणि परवाने विकणारी संस्था यांनी खेळाडूंशी ४ कोटी डॉलरची तडजोड केली. पुढं एनसीएएनं वेगळ्या तडजोडीत २ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. ही रक्कम गेममध्ये आकृती वापरल्या गेलेल्या हजारो माजी विद्यार्थ्यांमध्ये वाटली जायची होती. ओबॅननचा स्वतःचा खटला मात्र पुढं चालू राहिला. सुनावणी सुरू होण्याआधी फिर्यादींनी वैयक्तिक नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली. भांडण उरलं ते नियम बदलण्यासाठी. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी निकाल दिला की खेळाडूंच्या नावाचा आणि चेहऱ्याचा मोबदला त्यांना मिळू न देण्याचा नियम स्पर्धाविरोधी आहे, बेकायदा आहे. वरच्या न्यायालयानं या निकालाचा काही भाग कायम ठेवला, काही कमी केला.

पण दरम्यान काय झालं होतं? कॉलेज बास्केटबॉलचा शेवटचा गेम नोव्हेंबर २००९ मध्ये आला होता. दुसऱ्या एका कंपनीनं आपली मालिका त्याच्या दोन वर्षं आधीच थांबवली होती. २०१३ मध्ये कॉलेज फुटबॉलचा गेमही बंद करण्यात आला. आणि खेळणाऱ्या मुलांचा राग कुणावर निघाला? ओबॅननवर. "या माणसानं आमचा गेम बंद पाडला." वर्षानुवर्षं त्याला हे ऐकावं लागलं. फुकट माल वापरणाऱ्या कंपनीवर किंवा मोबदला अडवणाऱ्या संस्थेवर एवढा राग कुणी धरला नाही. कारण गंमत थांबली ती हक मागितल्यानंतर, एवढंच लोकांच्या नजरेला दिसत होतं.

इथं जरा थांबून आपल्या गावाकडे पाहावं. सोलापूरच्या गिरण्यांचा भोंगा ऐकलेली माणसं अजून हयात आहेत. गिरण्या बंद पडल्या तेव्हा काय बोललं जायचं, ते त्यांना विचारा. "युनियननं घात केला, कामगारांनी पगारवाढ मागितली म्हणून टाळं लागलं." जुनी यंत्रं, पैशांची उधळपट्टी, यंत्रमागाची स्पर्धा, मालकांचे निर्णय, हे सगळं बाजूला राही आणि बोट मजुराकडे जाई. घरातसुद्धा असंच होतं. वाटणीच्या वेळी बहिणीनं शरीअतनं दिलेला आपला हिस्सा मागितला की "हिनं घर फोडलं" म्हणतात. हिस्सा दाबून ठेवणाऱ्या भावाला असं कुणी म्हणत नाही. एड ओबॅनन आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. आपण त्याला त्या नावानं ओळखत नाही, इतकंच.

आता तो गेम परत का येतो आहे, ते पाहू. ओबॅननच्या खटल्यानं जी भिंत हलली, ती पुढं कोसळत गेली. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करण्याची मुभा देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा एकमतानं एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख यांवर पैसे मिळवता येऊ लागले. मग कंपनीनं खेळाडूंना विचारायला सुरुवात केली.

जुलै २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलचा गेम अकरा वर्षांनी परत आला. या वेळी नियम असा होता की ज्याला आपलं नाव आणि चेहरा द्यायचा आहे त्यानं होकार कळवावा. त्याला ६०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं सुमारे ५० हजार रुपये, आणि गेमची एक प्रत मिळेल. नको असेल त्याला गेममध्ये घेतलं जाणार नाही. ११ हजारांहून अधिक खेळाडूंनी होकार दिला. गेम धडाक्यात खपला. जून २०२५ च्या सुरुवातीला त्याच न्यायाधीश विल्कन यांनी आणखी एक मोठी तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार कॉलेजांना आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली आणि मागच्या वर्षांतल्या खेळाडूंसाठी दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचं ठरलं. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीनं जाहीर केलं की कॉलेज बास्केटबॉलचा गेमही परत येतो आहे.

म्हणजे ओबॅननमुळे गेम बंद पडला असं म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की गेम परत आला तोही त्याच्यामुळेच. हक देऊनही धंदा चालतो, उलट जास्त चालतो, हे त्यानंतर दिसलं. नंबर ३१ आता नावासह धावू शकतो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. एवढ्या मोठ्या धंद्यात ६०० डॉलर म्हणजे किती, असा सवाल तिथं अनेकांनी केला. नामांकित खेळाडूला बाहेर जाहिरातींतून लाखो मिळतात आणि साध्या खेळाडूला तेव्हा या ६०० वर समाधान मानावं लागलं. मोबदला किती, यावर वाद राहणारच. पण आधी विचारणं आणि मग घेणं, ही पायरी आली. हक देण्याची सुरुवात विचारण्यापासून होते.

आता त्या भगिनीच्या घराकडे आणि आपल्या सगळ्यांच्या घरांकडे येऊ.

दहावी-बारावीचा निकाल लागला की सोलापुरात सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. त्यावर मुला-मुलींचे फोटो, नावं, टक्के. यातल्या किती मुलींना किंवा त्यांच्या पालकांना विचारलेलं असतं? माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा फोटो अशाच एका क्लासच्या फलकावर झळकला. ती त्या क्लासला फक्त सराव परीक्षेपुरती गेली होती. फोटो प्रवेशअर्जावरून घेतलेला. वडिलांनी जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो, तुमच्याच मुलीचं नाव होतंय ना?" ओबॅननला हौशी खेळाडू म्हणणाऱ्यांची भाषा आणि ही भाषा यांत काही फरक आहे का? नाव मुलीचं होतं, प्रवेश मात्र क्लासचे वाढतात. कुणाला आपल्या मुलीचा फोटो चौकात लागलेला आवडेल, कुणाला आवडणार नाही. दोघांचंही मत बरोबर असू शकतं. पण ते मत विचारलं गेलं पाहिजे. चेहरा ही अल्लाहनं माणसाला दिलेली अमानत आहे, ती दुसऱ्यानं परस्पर वापरायची नसते.

आपल्या देशातही ही समज न्यायालयांतून पक्की होत आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राकडून नक्कल करवणाऱ्यांना मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही त्याच न्यायालयानं असंच संरक्षण दिलं. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. मोठ्या गायकाला जो हक आहे, तो दहावीतल्या मुलीलाही आहे. सोलापुरी चादरीचं नाव दुसऱ्या गावच्या मालाला लावता येऊ नये म्हणून आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. चादरीच्या नावाची एवढी काळजी घेतो, तर लेकरांच्या नावाची का नको?

दुसरी गोष्ट घरातल्या मेहनतीची. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही ताकीद आपण फक्त शेठ-मालकांसाठी आहे असं समजतो. बिड्या वळणाऱ्या बाईच्या बिड्या नापास ठरवून मजुरी कापली की आपल्याला चीड येते, ती यायलाच हवी. मात्र शेजारची मुलगी शादीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत पंधरा जणींच्या हातांवर मेहंदी काढते आणि आपण तिला "घरचीच आहेस" म्हणून जेवायला वाढून पाठवतो. भाच्याकडून दुकानाचे फोटो काढून घेतो, व्हिडिओ बनवून घेतो, वर महिनाभर तो व्हिडिओ सगळीकडे फिरवतो आणि त्याला एक शर्टसुद्धा देत नाही. पैसे द्यायचे की प्रेमानं करून घ्यायचं, हे नात्यावर अवलंबून आहे. पण निदान आधी विचारावं आणि केलेल्याचं नाव घ्यावं. ज्यानं मोबदला नको म्हटलं त्यानं आपल्याला काही दिलं. ज्याला विचारलंच नाही त्याच्याकडून आपण घेतलं.

तिसरी गोष्ट मुलांच्या बाजूची. हक दोन्हीकडून असतो. गेमची चोरून उतरवलेली प्रत खेळणारा मुलगा "कंपनी श्रीमंत आहे, तिला काय फरक पडतो" म्हणतो. त्या गेममध्ये कंपनीबरोबर आता त्या ११ हजार खेळाडूंसारख्यांचा वाटाही आहे आणि रात्र-रात्र बसून तो बनवणाऱ्या पोरांची मेहनतही. आमच्या पिढीनं दहा रुपयांच्या सीडीवर हे सगळं खेळून घेतलं, पण पुढच्या पिढीला तोच पाठ द्यायची गरज नाही. ईदीचे पैसे साठवून गेम विकत घेऊ पाहणारा मुलगा या एका बाबतीत शाबासकीला पात्र आहे, हे त्या अम्मीनं त्याला जरूर सांगावं.

चौथी गोष्ट सर्वात सांभाळण्याची. आजचे खेळ एकदा विकत घेऊन संपत नाहीत. आत दुकान असतं. याच कंपनीच्या कॉलेज फुटबॉलच्या गेममध्ये खऱ्या पैशांनी बंद पाकिटं घेता येतात. पाकीट उघडल्यावर त्यात कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. चांगला निघाला नाही की दुसरं पाकीट, मग तिसरं. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि २०१९ च्या सुरुवातीला या कंपनीला आपल्या फुटबॉल गेममधली ही विक्री त्या देशात थांबवावी लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. पाकिटं त्या कायद्याच्या कोणत्या कलमात बसतात, हा वकिलांचा विषय. घरासाठी इतकं पुरे की पैसे टाकायचे आणि काय निघेल ते नशिबावर सोडायचं, याला आपल्याकडे काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि नशीब तरी कसलं! १९९३ मध्ये 'एनबीए जॅम' नावाचा बास्केटबॉलचा गेम आला, पैसे टाकून खेळायच्या यंत्रावरचा. तो बनवणारा मार्क टर्मेल डेट्रॉइट संघाचा चाहता. शिकागोचा संघ त्याला खुपायचा. त्यानं गेममध्ये गुपचूप अशी सोय केली की डेट्रॉइटविरुद्ध अटीतटीच्या शेवटच्या क्षणी शिकागोचे नेम चुकावेत. पुढं हे त्यानं स्वतःच सांगितलं. मुलं यंत्रात नाणी टाकत होती आणि आपला नेम चुकला म्हणून हळहळत होती. पडद्यामागं कुणीतरी पारडं आधीच झुकवलेलं होतं. हा किस्सा मुलांना अवश्य सांगा. यंत्रातलं नशीब आकाशातून येत नाही, ते कुणीतरी खुर्चीवर बसून लिहितो आणि त्याला आपल्या खिशात रस असतो.

जाता जाता एक बातमी. सप्टेंबर २०२५ मध्ये ही संपूर्ण कंपनी सुमारे ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर झाला आणि घेणाऱ्यांमध्ये सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी प्रमुख आहे. आमचा मुलगा म्हणेल, "मग आता तर काही हरकत नाही!" मालक कोण, यावर पाकीट हलाल-हराम ठरत नाही. उलट नव्या मालकांकडून मुलांच्या खिशाची जास्त काळजी घेतली जावी, अशी अपेक्षा आपण ठेवू शकतो.

तर त्या भगिनीला माझं सांगणं असं. मुलाला एकदम नाही म्हणू नका आणि हो म्हणून विषयही संपवू नका. गेम यायला अजून अवकाश आहे. तोवर ईदी साठू द्या. त्याला सांगा की या गेमची गोष्ट आधी तू मला सांग. ३१ नंबर कोण होता, त्याला का विचारलं नव्हतं, आता का विचारतात. तो सांगेल, मुलांना अशा गोष्टी सांगायला आवडतात. मग घरातल्या अटी ठरवा आणि कागदावर लिहा. गेम विकतचा असेल, चोरीचा नाही. आतल्या दुकानासाठी अब्बाचं कार्ड किंवा यूपीआय जोडलं जाणार नाही. पाकिटं नाहीत. नमाजची वेळ झाली की खेळ थांबेल, तेव्हा उठताना "एवढा एक क्वार्टर" चालणार नाही. परीक्षेच्या महिन्यात प्लेस्टेशन चुलतभावाच्या घरी कपाटात राहील. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघं भाऊ खऱ्या मैदानावर खऱ्या चेंडूनं खेळतील. सोलापुरात काही शाळा-कॉलेजांत बास्केटबॉलची कोर्ट आहेत. परवानगी मागायला जायला लाजू नका.

या अटी मान्य करून मुलगा ईदीचे पैसे खर्च करणार असेल, तर माझ्या मते त्याला करू द्यावेत. आणि अम्मीनंही एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून पाहावं. पडद्यावर एखादा खेळाडू आवडला तर त्याचं नाव विचारावं. आता ते जर्सीवर लिहिलेलं असेल.

पुढच्या अंकासाठी वाचकांनी कळवावं की तुमच्या मुला-मुलींचा फोटो किंवा काम कुणी न विचारता वापरलं का, आणि तुम्ही काय केलंत. क्लासचं, दुकानाचं नाव लिहू नका. काय घडलं आणि बोलणं कसं झालं, तेवढं लिहा. निवडक पत्रांवर पुढच्या महिन्यात बोलू, इन्शाअल्लाह.